पंख्याचा खोका, पेट्रोलचा काटा

"पंखा पाचवर ठेवा नाहीतर एकवर, बिल तेवढंच येतं." हे वाक्य एकदाही म्हटलं गेलं नाही असं घर शोधावं लागेल. ते बहुधा रात्री, पंखा आणि पांघरूण यांच्यावरून वाद चालू असताना म्हटलं जातं. म्हणणारी व्यक्ती वडीलधारी असल्यामुळे वाद तिथेच संपतो. त्यांच्याकडे पुरावाही असतो. जुन्या घरांत स्विचबोर्डावर एक जाडजूड चौकोनी रेग्युलेटर बसवलेला असे. त्याला हात लावला की तो गरम लागे, आणि तोही पंखा मंद असताना. पंखा पूर्ण जोरात फिरत असला की खोका थंड! म्हणजे पंख्याला न दिलेली वीज त्या खोक्यात जळत होती. मग बिल कमी कसं येणार?

या युक्तिवादातलं निरीक्षण अगदी खरं आहे. निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. तो कुठे चुकला हे कळायला खोक्याच्या आत काय होतं ते पाहावं लागेल. आत होती एक लांब तार, तिला ठिकठिकाणी काढलेले फाटे, आणि बटण फिरवल्यावर या फाट्यावरून त्या फाट्यावर जाणारी पट्टी. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ऱ्हिओस्टॅटचाच हा घरगुती अवतार. दोन्हींचं काम एकच: मंडलातला रोध कमी-जास्त करून प्रवाह कमी-जास्त करायचा. असा बदलता येणारा रोध म्हणजे परिवर्ती रोध.

सगळ्या मंडलात एकच प्रवाह

साधं मंडल घेऊ. चार सेल एकापुढे एक लावले की ६ व्होल्ट मिळतात. त्यांना दोन तारांनी एक बल्ब जोडला. व्होल्ट हे विजेच्या रेट्याचं माप. या रेट्यामुळे तारेतून दर सेकंदाला किती विद्युतभार वाहतो ते अँपिअरमध्ये मोजतात. त्यालाच आपण प्रवाह किंवा करंट म्हणतो. आणि वाहणाऱ्या भाराला वाटेत किती अडथळा होतो त्याचं माप ओहम. ६ व्होल्टच्या रेट्याने १० ओहमच्या वाटेतून ०.६ अँपिअर जातात. रेट्याला अडथळ्याने भागायचं, एवढंच गणित.

आता याच मंडलात बल्बच्या शेजारी एक परिवर्ती रोध बसवायचा आहे. बसवायचा कुठे? बॅटरीच्या धन टोकाकडून बल्बकडे जाणाऱ्या तारेत, की बल्बकडून परत येणाऱ्या तारेत? बरीच मुलं (आणि बरीच मोठी माणसंही) ठामपणे सांगतात की बल्बच्या आधी बसवायला हवा. वीज बल्बमधून निघून गेल्यावर तिला अडवून काय उपयोग? विचार सरळ वाटतो, पण प्रयोग करून पाहिला तर रोध कुठेही लावला तरी बल्ब तेवढाच मंद होतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास दादर स्टेशनचा पादचारी पूल डोळ्यांसमोर आणा. पूल रुंद आहे, पण मध्ये कुठेतरी दुरुस्तीसाठी पत्रे लावून वाट अरुंद केली आहे. त्या अरुंद जागेतून मिनिटाला साठ माणसं जाऊ शकतात असं समजा. थोड्याच वेळात काय होतं? अरुंद जागेच्या पुढचा पूल मोकळा असूनही तिथून मिनिटाला साठच माणसं जाताना दिसतात, आणि मागच्या गर्दीतूनही मिनिटाला साठच पुढे सरकतात. अडथळा एका जागी आहे, पण वेग सगळ्या पुलाचा ठरला. पत्रे पुलाच्या सुरुवातीला लावले असते किंवा शेवटच्या पायरीजवळ लावले असते, तरी हिशेब हाच. शिवाय सगळ्यात जास्त घासाघीस आणि घाम त्या अरुंद जागेतच. तारेतही तसंच: रोध जिथे असेल तिथे उष्णता निर्माण होते. पुलावरचा माणूस कंटाळून मागे फिरू शकतो, वडापाव खायला थांबू शकतो. इलेक्ट्रॉनला ती सोय नाही, म्हणून मंडलातला हिशेब पुलापेक्षा काटेकोर असतो.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. परिवर्ती रोध एका जागी बसून सगळ्या मंडलाचा प्रवाह ठरवतो. आणि बल्ब प्रवाह "खात" नाही. जितका आत जातो तितकाच बाहेर येतो. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा.

एक प्रश्न इथे हुशार वाचकाला पडायला हवा. बल्बच्या पलीकडे रोध वाढवला हे बल्बला कळतं कसं, आणि इतक्या लगेच? तारेतले इलेक्ट्रॉन तर फार सावकाश सरकतात. विजेरीच्या तारेत त्यांचा पुढे जाण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरही नसतो. पण रोध बदलताच तारेवरच्या विद्युतभाराची मांडणी बदलते आणि तो बदल जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने मंडलभर पोहोचतो. इलेक्ट्रॉन स्वतः रांगत असतात. त्यांना मिळणारा रेटा मात्र क्षणात बदलतो.

कलोनच्या शिक्षकाच्या आठ तारा

रेटा, अडथळा आणि प्रवाह यांचं हे गणित आज नववी-दहावीच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. ते शोधणारा गेऑर्ग सिमोन ओहम हा जर्मनीतल्या कलोन शहरातल्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा हाताने उपकरणं करण्यात तरबेज होता. त्याचा प्रयोग म्हणजे खरं तर परिवर्ती रोधाचाच प्रयोग: एकाच जाडीच्या, पण २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा आळीपाळीने मंडलात लावायच्या आणि प्रत्येक वेळी चुंबकसूची किती वळते ते मोजायचं. सूची जास्त वळली म्हणजे प्रवाह जास्त.

अडचण होती बॅटरीची. त्या काळच्या बॅटऱ्यांचा रेटा प्रयोग चालू असतानाच घसरत जाई. मग प्रवाह कमी झाला तो तार लांब म्हणून की बॅटरी थकली म्हणून, हे कसं ठरवणार? पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने ओहमला सुचवलं की बॅटरी सोडा आणि दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवून मिळणारी वीज वापरा. ओहमने बिस्मथ आणि तांबं यांचे सांधे जोडले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून रेटाही हलत नाही. मला स्वतःला ओहमच्या नियमापेक्षा ही युक्तीच जास्त मोठी वाटते. एक गोष्ट बदलून तिचा परिणाम पाहायचा तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी खिळवून ठेवाव्या लागतात, आणि ते काम उकळत्या पाण्याने आणि बर्फाने केलं.

ओहमचं पुस्तक १८२७ मध्ये बर्लिनमध्ये छापलं गेलं. मायदेशात त्याचं फारसं स्वागत झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं तेव्हा कुठे त्याचं नाव झालं.

सरकणारी पट्टी

दर वेळी मंडल तोडून नवी तार जोडणं हे वेळखाऊ काम. मंडल चालू असतानाच तारेची लांबी बदलता आली तर? चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे असं उपकरण मांडलं. शेजारी शेजारी दोन दंडगोल, एक लाकडी आणि एक पितळी. लाकडी दंडगोलावर मळसूत्रासारखी खाच, तिच्यात गुंडाळलेली बारीक तार. हँडल फिरवलं की तार लाकडावरून उलगडून पितळेवर गुंडाळली जाई. लाकडावरच्या तारेचे वेढे एकमेकांपासून सुटे असल्यामुळे प्रवाहाला पूर्ण लांबीतून जावं लागे. पितळेवर गेलेल्या तारेचा रोध मात्र हिशेबातून गळे, कारण प्रवाहाला पितळ हा सोपा रस्ता मिळे.

आज शाळा-कॉलेजांत दिसणारा ऱ्हिओस्टॅट त्याहून सुटसुटीत आहे. चिनीमातीच्या नळीवर तारेचे शेकडो वेढे चिकटून घातलेले, वर धातूची एक दांडी, आणि दांडीवरून पुढे-मागे सरकणारा स्लायडर. वेढे एकमेकांना टेकलेले असूनही वीज आडवी उडी मारत नाही. तारेवर ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहू देणारा थर असतो. स्लायडर जिथून सरकतो तेवढ्याच पट्ट्यावर तो खरवडून तार उघडी केलेली असते.

ही तार तांब्याची का नसते? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेपासून १० ओहम मिळवायचे तर जवळजवळ ५८० मीटर तार लागेल. तेवढ्याच जाडीची कॉन्स्टंटनची तार फक्त २० मीटर पुरते. कॉन्स्टंटन म्हणजे तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू. त्याचा दुसरा गुण जास्त मोलाचा आहे. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉन्स्टंटनचा जवळजवळ हलत नाही. ऱ्हिओस्टॅट तर तापणारच. स्लायडरला हात न लावता आकडा आपोआप सरकू लागला तर त्या उपकरणाचा उपयोग काय?

प्रयोगशाळेत हमखास होणारा गोंधळ इथेच होतो. ऱ्हिओस्टॅटला तीन टर्मिनल असतात: दोन तारेच्या दोन टोकांना, तिसरं वरच्या दांडीला. नवखा विद्यार्थी खालची दोन निवडतो, आणि मग स्लायडर इकडून तिकडे पळवला तरी प्रवाह मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा ढिम्म हलत नाही. प्रवाह पूर्ण तारेतून जातो आहे. स्लायडर नुसता तिला स्पर्श करून उभा आहे. खालचं एक आणि वरचं एक असं जोडलं की खालच्या टर्मिनलपासून स्लायडरपर्यंतची तारच मंडलात येते. स्लायडर त्या टर्मिनलच्या जवळ आणला की रोध कमी, लांब नेला की जास्त. सुरुवात नेहमी लांबच्या टोकापासून करायची. स्विच दाबताना रोध शून्यावर राहिला असेल तर सगळा प्रवाह एकदम ॲमीटरमधून जाईल आणि त्याचा काटा शेवटच्या खुंटीवर आदळेल.

थोडी आकडेमोड

आता त्या ६ व्होल्टच्या मंडलात १० ओहमचं एक उपकरण आणि ० ते ५० ओहमचा ऱ्हिओस्टॅट एकामागोमाग एक जोडू. तंतूचा बल्ब मुद्दाम घेत नाही, कारण तो तापला की त्याचाही रोध बदलतो. सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते हे वॅटमध्ये मोजतात: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध.

| ऱ्हिओस्टॅट (ओहम) | प्रवाह (अँपिअर) | उपकरणात (वॅट) | ऱ्हिओस्टॅटमध्ये (वॅट) | बॅटरीतून एकूण (वॅट) |
|---|---|---|---|---|
| ० | ०.६ | ३.६ | ० | ३.६ |
| १० | ०.३ | ०.९ | ०.९ | १.८ |
| २० | ०.२ | ०.४ | ०.८ | १.२ |
| ५० | ०.१ | ०.१ | ०.५ | ०.६ |

तक्ता सावकाश वाचण्यासारखा आहे. पहिल्या १० ओहमनी प्रवाह निम्मा केला. शेवटच्या ३० ओहमनी तो फक्त ०.२ वरून ०.१ वर आणला. म्हणजे स्लायडरच्या सुरुवातीच्या सरकण्यात मोठा फरक पडतो आणि नंतर तो मंदावत जातो. प्रवाह शून्य तर कधीच होत नाही. ५० च्या जागी ५०० ओहम घेतले तरी थोडा उरतोच. ऱ्हिओस्टॅट सगळ्यात जास्त तापतो तो टोकाला नाही, तर त्याचा रोध आणि उपकरणाचा रोध सारखे होतात तेव्हा. आणि शेवटचा रकाना पाहा: बॅटरीतून घेतलेली एकूण ऊर्जा प्रत्येक पायरीला कमीच होत गेली आहे.

पंख्याच्या वादाचा निकाल याच रकान्यात आहे. घरात मिळणारा विजेचा रेटा ठरलेला. रोध वाढवला की प्रवाह कमी, म्हणून एकूण ऊर्जाही कमी. तेव्हा जुन्या रेग्युलेटरवर पंखा मंद केला की बिल कमीच होत होतं. पण घरातली वडीलधारी माणसंही पूर्ण चुकीची नव्हती. दुसऱ्या ओळीत बॅटरीतून निघालेल्या १.८ वॅटपैकी निम्मे ऱ्हिओस्टॅटने खाल्ले. पाती निम्म्या वेगाने फिरवायची तर हवा ढकलण्याचं काम पूर्ण वेगाच्या आठव्या हिश्शावर येतं. बचत खरं तर भरपूर व्हायला हवी होती. तिच्यातला मोठा वाटा गरम खोक्याच्या रूपाने भिंतीवर बसून राहत होता.

लोकल सुटताना

पंख्याच्या खोक्यात काही वॅट वाया गेले तर चालून जातं. हाच प्रकार आगगाडीत झाला तर? मुंबईत तो सुमारे नव्वद वर्षं रोज होत होता.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या बोरीबंदरहून, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसहून, कुर्ल्यापर्यंत भारतातली पहिली विजेची गाडी धावली. वरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश, म्हणजे डीसी, पुरवठा होता. डीसी मोटर फिरू लागली की स्वतःच उलटा रेटा तयार करते, आणि तो प्रवाहाला आवर घालतो. पण गाडी उभी असताना मोटर फिरत नाही, उलटा रेटा शून्य, आणि मोटरच्या गुंडाळीचा स्वतःचा रोध अगदी थोडा. अशा वेळी पूर्ण व्होल्टेज लावलं तर इतका प्रचंड प्रवाह वाहील की गुंडाळी जळेल. म्हणून गाडी सुटताना मोटरींच्या मागोमाग मोठाले रोध जोडलेले असत. वेग वाढेल तसतसे हे रोध पायरीपायरीने मंडलातून काढून टाकले जात, आणि पूर्ण वेगाला ते सगळे बाजूला होत.

याची किंमत मोठी होती. निव्वळ रोधांच्या साहाय्याने डीसी मोटर सुरू केली तर सुरुवातीच्या काळात तारेतून घेतलेल्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी रोध तापवण्यात जाते. इंजिनिअरांनी त्यावर तोडगा काढला. सुरुवातीला मोटरी एकामागोमाग एक जोडायच्या, म्हणजे व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं आणि रोधाला कमी अडवावं लागतं. वेग आला की त्या समांतर जोडायच्या. दोन मोटरींची अशी जोडणी केली की तोटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतो. तरीही लोकल म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी थांबणारी आणि पुन्हा सुटणारी गाडी. थांबणं-सुटणं हाच तिचा धंदा, आणि तोटा नेमका सुटण्यातच.

पुढे मुंबईचे मार्ग एकेक करून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, पुरवठ्यावर गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरून शेवटची डीसी लोकल धावली. आजच्या गाड्यांत प्रवाह आवरण्यासाठी रोध तापवले जात नाहीत. इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला शेकडो वेळा प्रवाह चालू-बंद करतात. यात ऊर्जा का वाचते ते आपल्या गणितावरून कळतं. प्रवाह गुणिले रोध म्हणजेच व्होल्टेज, म्हणून उष्णता म्हणजे एखाद्या भागावर पडणारं व्होल्टेज गुणिले त्यातून जाणारा प्रवाह. स्विच बंद असतो तेव्हा प्रवाह शून्य. पूर्ण चालू असतो तेव्हा त्याच्यावरचं व्होल्टेज जवळजवळ शून्य. दोन्ही वेळा गुणाकार नगण्य. रोध मात्र कायम मधल्या अवस्थेत असतो, अर्धवट अडवत आणि अर्धवट सोडत, म्हणून तापतो.

घरातला नवा, बोटभर बटणाचा रेग्युलेटरही याच कारणाने थंड राहतो. सलग फिरणारं बटण असेल तर आत ट्रायॅक नावाचा स्विच असतो आणि तो सेकंदाला १०० वेळा विजेच्या लाटेचा थोडा थोडा तुकडा कापून टाकतो. मंद वेगाला काही पंखे गुणगुणतात ते या कापाकापीमुळे. टप्प्याटप्प्यांचं बटण असेल तर बहुधा आत कपॅसिटर असतात. कपॅसिटर ऊर्जा क्षणभर साठवतो आणि परत देतो, जाळत नाही, त्यामुळे पंखा गुणगुणतही नाही. दोन्हींमधून निवडायचा असेल तर मी डोळे मिटून टप्प्यांचा घेईन. अलीकडच्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या, पंख्यांत तर वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक्स पंख्याच्या पोटातच असतं. त्यांना बाहेरून जुना रेग्युलेटर लावायचाच नसतो. बोर्डावरचा काढून टाकायला सांगतात ते त्यासाठीच.

चौकट : पेन्सिलीतला ऱ्हिओस्टॅट

दोन सेल, विजेरीचा तंतूवाला छोटा बल्ब, थोडी तार आणि मधोमध उभी चिरून शिसं उघडं केलेली पेन्सिल घ्या. बल्ब आणि सेल यांच्यामध्ये पेन्सिलीचं शिसं येईल असं मंडल जोडा. एक तार शिशाच्या टोकाला पक्की करा आणि दुसरी शिशावरून हळूहळू सरकवा. तारांमधलं अंतर वाढलं की बल्ब मंदावतो. जास्त काळ्या, मऊ पेन्सिलीत ग्राफाइट जास्त आणि माती कमी असते, त्यामुळे तिचा रोध कमी. शिसं थोडं कोमट होईल. हा प्रयोग फक्त सेलवर करायचा. भिंतीतल्या प्लगच्या जवळही न्यायचा नाही.

जिथे तो अजून राज्य करतो

मग परिवर्ती रोध मोडीत निघाला का? जिथे मोठी ऊर्जा आवरायची तिथून तो गेला, आणि गेला ते बरंच झालं. पण जिथे ऊर्जा द्यायची नसून फक्त एखादी खबर द्यायची आहे, तिथे तो अजून भक्कम उभा आहे. खबर द्यायला प्रवाह इतका कमी लागतो की उष्णतेचा हिशेब कोणी ठेवत नाही.

गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याचंच पाहा. टाकीत एक तरंगणारा डबा असतो, त्याला एक हात जोडलेला, आणि त्या हाताचं टोक रोधाच्या पट्टीवरून सरकतं. पेट्रोलची पातळी खाली गेली की डबा खाली, हात खाली, रोध बदलला. काही गाड्यांत टाकी भरली की रोध कमी होतो, काहींत उलट. बॅटरी, हा रोध आणि समोरच्या पॅनलवरचा काटा एवढंच ते मंडल. आपल्या सहा व्होल्टच्या खेळण्याहून फार वेगळं नाही. खंबाटकी घाट चढताना काटा एक सांगतो आणि उतरताना दुसरंच सांगतो, कारण टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जमतं आणि डबा त्याच्याबरोबर हलतो. खड्ड्यांत पेट्रोल हिंदकळतं तरी काटा नाचत नाही, याचीही एक जुनी युक्ती आहे. अनेक जुन्या गाड्यांत प्रवाह काट्याला थेट ढकलत नाही. तो दोन धातूंची एक जोडपट्टी तापवतो, पट्टी वाकते आणि काटा हलवते. पट्टीला तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून क्षणभराचे हेलकावे ती मनावर घेत नाही. किल्ली फिरवल्यावर काटा आळसावल्यासारखा हळूहळू वर चढताना दिसला तर तो बहुधा या जातीचा. पेट्रोलमध्ये वीज म्हटल्यावर अंगावर काटा येतो खरा, पण या मंडलातली ऊर्जा पेट्रोल पेटवण्याइतकी नसेल अशी काळजी घेतलेली असते.

रेडिओच्या आवाजाचं बटण हा त्याचा आणखी एक भाऊ. इथे मात्र तीनही टर्मिनल वापरतात. आपण पाहिलं की एकामागोमाग एक जोडलेला रोध प्रवाह शून्यावर आणू शकत नाही, आणि आवाज तर पूर्ण बंद करता यायला हवा. म्हणून कार्बनच्या पट्टीच्या दोन टोकांवर आवाजाचा संपूर्ण संकेत देतात आणि सरकणाऱ्या टोकाला त्यातला हवा तेवढा हिस्सा उचलायला लावतात. एका टोकाला पूर्ण, दुसऱ्या टोकाला शून्य. दुरुस्तीवाले याला "पॉट" म्हणतात. ही पट्टी मुद्दाम असमान बनवतात: बटण अर्धं फिरवलं तरी रोधाचा साधारण १० ते १५ टक्केच हिस्सा ओलांडला जातो. आपला कान मंद आवाजातला बारीक फरकही टिपतो आणि मोठ्या आवाजातल्या मोठ्या फरकाकडेही दुर्लक्ष करतो. पट्टी समान असती तर बटण थोडं फिरवताच आवाज एकदम वाढला असता आणि पुढचा सगळा फेरा निरुपयोगी वाटला असता. जुना रेडिओ बटण फिरवताना खरखरतो त्याचं कारण झिजलेली किंवा धूळ बसलेली पट्टी. सरकणाऱ्या टोकाचा स्पर्श क्षणभर सुटतो आणि पुन्हा लागतो. बटण पंधरा-वीस वेळा गरागरा फिरवल्यावर खरखर कमी होते, कारण मळ खरवडला जातो.

सगळ्यात चलाख परिवर्ती रोध मात्र जुन्या, डायल फिरवायच्या टेलिफोनमध्ये होता. बोलायच्या तोंडाशी पातळ पडद्यामागे कार्बनच्या बारीक दाण्यांची डबी असे. आवाजाच्या लहरींनी पडदा आत दाबला गेला की दाणे एकमेकांना घट्ट टेकत आणि रोध कमी होई. पडदा मागे गेला की दाणे सैल आणि रोध जास्त. एडिसनने १८७७ मध्ये याच तत्त्वाचा कार्बन ट्रान्समीटर बनवला. स्लायडर सरकवायला हात नको. बोलणाऱ्याचा आवाजच सेकंदाला शेकडो वेळा तो सरकवतो. वीज येई ती टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीतून. म्हणजे माणसाच्या आवाजातली क्षीण ऊर्जा तारेवरून दूर पाठवायची नव्हतीच. तिने फक्त बॅटरीच्या प्रवाहाला कमी-जास्त करायचं होतं, आणि तारेत जाणारा बदल आवाजातल्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जोरदार होई. संकेत मोठा करणारे इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह येण्याआधी दूरवरचं बोलणं ऐकू येऊ लागलं ते याच्या जोरावर. दाणे कधी कधी दमट हवेत किंवा नुसत्या पडून राहण्याने घट्ट बसत, रोध बदलेनासा होई आणि पलीकडून "आवाज येत नाहीये, मोठ्याने बोला" असं ऐकू येई. तेव्हा अनुभवी माणसं ओरडत नसत. ती रिसीव्हर टेबलावर दोनदा आपटत. दाणे सैल झाले की काम होई.